सोमवारचं वाचन

बदक ओव्हनमधून बाहेर आलं तरी लेलंडचा टेपरेकॉर्डर जेवणाच्या टेबलावरून हलला नव्हता. त्याच्या आईनं, अल्बीनानं, त्याला आल्या आल्याच सांगितलं होतं, की तो बाहेरच्या खोलीत नेऊन ठेव. लेलंड 'हो' म्हणाला आणि विसरला. किंवा विसरला नसेलही. आंबवलेल्या कोबीचं भांडं, वाफाळत्या क्नेडलिकींची, म्हणजे उकडलेल्या पिठाच्या गोळ्यांची, परात आणि रश्शाचं बुडकुलं यांच्या मधोमध ते नवंकोरं काळं यंत्र ठाण मांडून बसलं होतं.

बुधवारी ओमाहाच्या इस्पितळात तिच्या नवऱ्याचं, बोहुमिल व्होंद्राचं, स्वरयंत्र काढायचं ठरलं होतं. गाठ कसली आहे हे डॉक्टरांनी जानेवारीतच सांगून टाकलं होतं. ठेवली तर माणूस जाईल, काढली तर आवाज जाईल, एवढा सरळ सौदा. बोहुमिलनं मान डोलावली होती. परतताना गाडीत अल्बीना डोळे पुसत होती, तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, की शस्त्रक्रियेच्या आधीचा सोमवार मोकळा राहील ना.

सोमवारचं काय ते अल्बीनाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून दर सोमवारी सकाळी हा माणूस डोक्यावर टोपी चढवून राज्य ग्रंथालयाच्या तळघरात जायचा आणि काचेच्या छोट्या खोलीत बसून अंधांसाठी वाचायचा. पुस्तकं तर वाचायचाच, पण आधी वाचायचा ती आठवड्याची राज्यवार्ता. विधिमंडळात कुठल्या विधेयकावर कधी सुनावणी आहे, म्हाताऱ्यांना घरपट्टीत सूट हवी असेल तर अर्ज कुठे करायचा, कुठल्या तालुक्यात फ्लूची लस मिळतेय, बर्फानं कुठला रस्ता बंद आहे, जुनं तबकडीचं यंत्र परत पाठवून नवं कॅसेटचं कसं मागवायचं. मग त्या कॅसेटी हिरव्या डब्यांतून, तिकीट न लावता, नेब्रास्काच्या पार टोकापर्यंतच्या घरांत जायच्या. तिथली माणसं स्वयंपाकघरात, गोठ्यात, बिछान्यात पडल्या पडल्या बोहुमिलचा आवाज ऐकायची. अल्बीनानं तो तसा कधी ऐकला नव्हता. तिला डोळे होते, त्यामुळे तिला कॅसेट येत नसे.

लेलंडनं वडिलांच्या जागी प्रार्थना म्हटली. तो ग्रँड आयलंडहून आला होता. मक्याच्या शेतांना पाणी देणारी मोठाली फिरती यंत्रं विकायचा, त्यामुळे मुद्द्यावर यायला त्याला वेळ लागत नसे. आज मात्र क्नेडलिकीवर दुसऱ्यांदा रस्सा ओतून झाल्यावर त्यानं घसा साफ केला.

"डॅड, जेवणानंतर थोडा वेळ बसू या. फार नाही. पणजोबा कसे आले, ती जहाजाची गोष्ट, आजोबांनी मातीचं घर बांधलं ती. तुम्हाला जेवढं बोलवेल तेवढंच."

"ती गोष्ट टेटालाही येते," त्याची बहीण डोरीन म्हणाली. टेटा म्हणजे त्यांची आत्या एमा, जी टेबलाच्या कडेला बसून बोटांनी ताटातल्या बदकाचा अंदाज घेत होती. "ती टेटा कधीही सांगेल. डॅडनी बाळासाठी काहीतरी बोलावं."

डोरीनच्या लग्नाला बरीच वर्षं होऊन गेली होती. सगळ्यांनी आशा सोडली, आणि विचारायचंही सोडून दिलं, तेव्हा तिला दिवस राहिले होते. जूनमध्ये बाळ येणार होतं. ती बोलताना एक हात पोटावर ठेवायची आणि मग कुणाच्या लक्षात आलं की काय अशा भीतीनं काढून घ्यायची.

"बाळासाठी बोलायला काय, दोन मिनिटं लागतील," लेलंड म्हणाला.

"मग आधी दोन मिनिटं मला दे ना."

"मी यंत्र आणलंय, डोरीन."

"मी बाळ आणलंय."

बोहुमिल ताटावरची मान वर न करता किंचित हसला. मग सुरी-काटा खाली ठेवून खरखरत्या आवाजात, तुटक तुटक म्हणाला, "उद्या वाचन आहे."

डॉक्टरांनी बजावलं होतं, की शस्त्रक्रियेपर्यंत घशाला आराम द्या. दहा-पंधरा मिनिटं बोललं की आवाज बसायचा आणि मग संध्याकाळपर्यंत नुसती हवा बाहेर यायची. म्हणजे जो काही आवाज उरला होता, तो मूठभरच होता. तो कुणाच्या ओंजळीत पडावा एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर त्यानं देऊन टाकलं होतं.

लेलंडला आधी ते खरंच वाटलं नाही. मग तो चिडला. मोठ्यानं नव्हे, बापावर मोठ्यानं चिडायची त्या घरात पद्धत नव्हती. रस्ता कुठे बंद आहे हे वाचायला राजधानीत शंभर माणसं मिळतील, तो म्हणाला. नातवंडांना आजोबा मात्र एकच. डोरीननंही लगेच भावाची री ओढली. मघाचं भांडण मिटलं आणि दोघं एका बाजूला झाली. लहानपणीही ती अशीच होती. आपसात कितीही जुंपलेली असली तरी आईबापांसमोर एक व्हायची.

त्यांच्या बाजूला एमा जाईल असं मात्र अल्बीनाला वाटलं नव्हतं.

"मुलं बरोबर बोलतात, बोहुश," एमा म्हणाली. "कुणीतरी दुसरं वाचेल. मी ऐकेन त्याचं. सवय होईल."

बोहुमिलनं बहिणीकडे पाहिलं. साखरेच्या आजारानं तिचे डोळे गेले त्याला बरीच वर्षं झाली होती. ती अजून लिपा गावात, आईबापांच्या जुन्या शेतावरच्या घरात एकटी राहायची. तिच्यासाठीच तर तो पहिल्यांदा त्या तळघराच्या पायऱ्या उतरला होता. त्यानं हात लांब करून बदकाची कुरकुरीत कातडी एमाच्या ताटात ठेवली. ती तिला आवडायची.

सगळे अल्बीनाकडे पाहू लागले. ती उठली आणि कोलाचे, फळं भरलेले गोड पाव, आणायला स्वयंपाकघरात गेली. खरं सांगायचं तर तीही मुलांच्याच बाजूची होती, मुलांपेक्षा जास्तच. एवढी वर्षं संसार केला, त्यात या माणसाच्या तोंडून संध्याकाळच्या जेवणाला चार वाक्यं निघाली तर तो सणाचा दिवस. बायका नवऱ्यांच्या बडबडीला कंटाळायच्या, तेव्हा ही मूग गिळून ऐकायची. आणि तोच माणूस परक्यांसाठी तासन्‌तास बोलतो हे ती कुणाला सांगत नसे. ग्रंथालयाचं तळघर ही तिची सवत होती. हे ती पाद्रीबाबांपुढेही बोलली नव्हती.

*

कॉफी झाल्यावर बोहुमिल स्वतःच बाहेरच्या खोलीत गेला आणि खुर्चीत बसला. मुलांचं मन राखायचं त्यानं ठरवलं असावं. लेलंडनं यंत्र त्याच्यासमोर ठेवलं आणि बटण दाबलं. छोटा लाल दिवा लागला. डोरीन पायाशी गालिच्यावर बसली. एमा सोफ्यावर ताठ बसली होती, चर्चमध्ये बसतात तशी.

"काहीही बोला, डॅड," लेलंड म्हणाला. "बाळाशी बोलताय असं समजा."

बोहुमिलनं तोंड उघडलं. "मी," तो म्हणाला. "मी तुझा, तुझा, तु..." आणि ते अक्षर तिथेच अडकलं. जबडा कापायला लागला. मानेची शीर तटतटली. त्यानं डोळे मिटले, परत सुरुवात केली, आणि परत तेच अक्षर दाराला अडून बसलेल्या बैलासारखं बाहेरही येईना आणि आतही जाईना. खोलीत तेवढाच आवाज होता. तो किती वेळ चालला कुणास ठाऊक. डोरीन रडायला लागली आणि लेलंडनं यंत्र बंद केलं.

"घसा इतका वाईट झालाय हे तू सांगितलं नाहीस, मॉम," तो म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

बोहुमिल उठला. डोरीनच्या डोक्यावर त्यानं हात ठेवला, क्षणभर ठेवला, आणि कोट चढवून मागच्या अंगणात बर्फ ओढायला निघून गेला.

अल्बीना तिथेच दारात उभी होती, हातात बशा घेऊन. नवऱ्याची ती मान, ती शीर तिनं पूर्वी पाहिली होती, पण फार वर्षांपूर्वी. ती पुन्हा पाहावी लागेल असं तिला वाटलं नव्हतं. तिनं मुलांना स्वयंपाकघरात बोलावलं. एमाही भिंतीला हात लावत पाठोपाठ आली. ती आली ते बरंच झालं, कारण एकटीनं सांगणं अल्बीनाच्या जिवावर आलं होतं.

"तो घसा नव्हता," अल्बीना म्हणाली. "तुमचे डॅड तोतरे आहेत. लहानपणापासून."

लेलंड हसल्यासारखं काहीतरी करायला गेला आणि थांबला.

मग तिनं सांगितलं. स्वतःचं काही बोलायला गेलं की जीभ धरली जाते. शाळेत पोरं नक्कल करायची. म्हणून हळूहळू बोलणंच कमी केलं; 'हो', 'नाही', 'उद्या', 'बरं' अशा शब्दांवर काम भागवायचं, अडणारं अक्षर आधीच ओळखून त्याला वळसा घालायचा. तारयंत्राची नोकरी पकडली ती का, तर तिथे बोटांनी बोलायचं असतं. "मुलांना कळू देऊ नकोस, एवढंच त्यानं लग्नानंतर माझ्याकडे मागितलं. लेलंड झाला तेव्हा. बाप असा बोलतो हे कळलं तर पोरगंही तसंच बोलेल, अशी त्याला भीती होती."

"पण तिथे तर ते तासन्‌तास वाचतात," डोरीन म्हणाली.

"वाचताना नाही अडत," एमा म्हणाली. भांडी पुसायचं फडकं तिच्या हातात होतं आणि ती एक बशी पुसून पुसून कोरडी करत होती. "कधीच नाही अडला. आजोबांना दिसेनासं झालं तेव्हा आई याला वर्तमानपत्र घेऊन त्यांच्यासमोर बसवायची. दुसऱ्याचे शब्द समोर असले की याची जीभ पाण्यासारखी. मी दाराबाहेर बसून ऐकायचे. मला वाटायचं, आत दुसराच कुणी मुलगा आहे."

अल्बीनाला हसू फुटलं, आणि ते कुठून आलं हे तिलाच कळेना. "आमच्या लग्नात शपथ घ्यायची वेळ आली, तर हा नुसता उभा. पहिलं अक्षरच निघेना. माझ्या बापाला वाटलं, पोरगा फिरला. तेव्हा म्हाताऱ्या पाद्रीबाबांनी पोथी याच्याकडे फिरवून धरली. यानं घडाघडा वाचून काढलं, माझी वाक्यंसुद्धा."

लेलंड सिंकला टेकून उभा होता. खिडकीतून बाप दिसत होता. बर्फाचे ढीग एकावर एक रचत होता, कुणाला त्या वाटेनं जायचं नसतानाही. लेलंडला आपण बारा वर्षांचे असतानाचं काहीतरी आठवलं असणार. बेसबॉलच्या सामन्यांना सगळ्यांचे बाप ओरडायचे आणि याचा बाप कुंपणाला धरून नुसता उभा असायचा. त्यावरून तो एकदा आईशी भांडला होता. आता तो कोट घेऊन बाहेर गेला आणि दुसरं फावडं उचलून बापाशेजारी बर्फ ओढायला लागला.

डोरीन मात्र तशी सहज शमणारी नव्हती. तिनं सावकाश विचारलं, "वाचता येत होतं ना त्यांना? मग आम्हाला का नाही वाचून दाखवलं? एकसुद्धा गोष्ट नाही."

 रात्रपाळ्या होत्या, हे खरं. पुस्तकं घरात नव्हती, हेही खरं. आणि मुलं मध्येच प्रश्न विचारतात. प्रश्नाला उत्तर द्यायचं तर पुस्तकाबाहेर यावं लागतं. यातलं खरं कुठलं हे अल्बीनानं कधी विचारलं नव्हतं. "मला नाही माहीत," ती म्हणाली. "पण उद्या मी त्याला घेऊन जाणार आहे. त्याला वाचायचंय तर तो वाचेल. यावर आता कुणी बोलायचं नाही."

एमानं बशी खाली ठेवली. मघाशी टेबलावर तू उलटं का बोललीस, असं अल्बीनानं तिला विचारलं, तेव्हा एमा म्हणाली, की मी हो म्हटलं असतं तर तो माझ्यासाठी गेला असता. त्याला जायचंय म्हणून त्यानं जावं.

*

सोमवारी उन्हं पडली होती, पण रस्ते काचेसारखे झाले होते, म्हणून लेलंडनं गाडी चालवली. डोरीनही आली. एमा घरी राहिली. दुपारी लेलंड तिला लिपाला सोडणार होता.

तळघराचा कारभार मिसेस लुंडीन नावाच्या उंच, भरड्या आवाजाच्या बाईकडे होता. तिनं बोहुमिलशी हात मिळवला, तब्येतीचं एक अक्षर विचारलं नाही आणि त्याच्या हातात टंकलिखित पानं ठेवली. त्याबद्दल अल्बीनाला ती बाई लगेच आवडली. बोहुमिलनं पानं चाळली, एका पानावर थबकला, ते काढून तळाशी ठेवलं. मग त्यानं काचेच्या खोलीचं दार उघडलं आणि अल्बीनासाठी धरून ठेवलं.

"मी आत काय करू?" ती म्हणाली.

त्यानं दुसरी खुर्ची दाखवली.

ती बसली. समोर मायक्रोफोन, वर छोटा दिवा, काचेपलीकडे मिसेस लुंडीन. बोहुमिलनं पाण्याचा घोट घेतला आणि वाचायला लागला, आणि अल्बीनाला एमाचं ते दाराबाहेर बसणं कळलं. आवाज खरखरत होता, मध्येच विरत होता, तरी त्यात घाई नव्हती आणि भीती नव्हती. घरपट्टीची सूट मागायला मुदत अजून आहे, तो सांगत होता, घाबरू नका, तालुक्याच्या कचेरीत कुणालाही फोन करा, ती माणसं अर्ज भरायला मदत करतात. 'घाबरू नका' हे कागदावर नव्हतं. तिनं डोकावून पाहिलं. ते खरंच नव्हतं. तो पुस्तकाबाहेर आला होता, आणि अडला नव्हता.

तिसऱ्या पानाच्या मध्यावर आवाज गेला. हळूहळू नाही, दिवा गेल्यासारखा गेला. तो पाणी प्यायला, थांबला, पुन्हा वाचू लागला. नुसती हवा आली. काचेपलीकडून मिसेस लुंडीननं टेप थांबवली आणि हातानं खूण केली, की वेळ आहे, सावकाश. बोहुमिल पानांकडे पाहत राहिला. तळाचं पान त्यानं काढलं, त्यावर तळवा ठेवला, आणि उरलेली अल्बीनापुढे सरकवली.

तिनं मान हलवली. ती आठवीपर्यंत शिकली होती. लहानपणी घरात चेक भाषा बोलायची, शाळेत गेल्यावर इंग्रजी, आणि तिच्या उच्चारांवर दुकानातल्या पोरीसुद्धा अजून हसायच्या. चर्चमध्ये कुणी वाचायला सांगेल म्हणून ती मागच्या बाकावर बसायची. हे बोहुमिलला सगळं माहीत होतं. तो वाट पाहत राहिला. त्यानं तिला आग्रह केला नाही, विनवलं नाही. त्याच्या तळव्याखाली ते एक पान होतं, आणि तेवढ्यापुरता श्वास तो साठवत होता, हे तिला दिसत होतं.

तिनं पानं ओढून घेतली.

तिनं वाचलं. वीस नंबरच्या महामार्गावर बर्फ आहे. नव्या झाडांची रोपं एप्रिलमध्ये फुकट मिळतील, आधी नाव नोंदवा. तबकडीचं जुनं यंत्र पोस्टमनकडे द्या, खोक्यावर पत्ता आधीच छापलेला आहे. ती एका लांबलचक शब्दावर अडली, परत गेली, परत अडली, मग तो शब्द तुकडे करून पार केला. घाम फुटला होता. शेजारी बोहुमिल डोळे मिटून ऐकत होता.

बाहेर बाकावर डोरीन आणि लेलंड बसले होते. त्यांचं काय चाललं होतं हे अल्बीनाला नंतर कळलं. मिसेस लुंडीनची मदतनीस कॅसेटींची गाडी ढकलत चालली होती, आणि डोरीननं सहज विचारलं, की माझे वडील कुठली पुस्तकं वाचतात. मदतनिसानं तिला मागच्या कपाटापाशी नेलं. राज्याचा इतिहास होता, पहिल्या वसाहतकरी बायकांच्या आठवणी होत्या, आणि खालच्या दोन फळ्या लहान मुलांच्या पुस्तकांनी भरलेल्या होत्या. अस्वलाची, आगगाडीची, हरवलेल्या मांजराची. प्रत्येक डब्यावर वाचणाऱ्याचं नाव एकच. अंध मुलांसाठी, मदतनीस म्हणाली. ही तो स्वतः मागून घेतो, दुसऱ्या कुणाला देऊ देत नाही.

डोरीन तिथेच फरशीवर बसली. मग तिनं एक डबा उघडला आणि मदतनिसाचे कानाला लावायचे फोन मागून घेतले. हरवलेल्या मांजराची गोष्ट तिनं शेवटपर्यंत ऐकली. राग आला का, असं अल्बीनानं तिला पुढे विचारलं, तर ती म्हणाली, पहिल्या पानापर्यंत आला होता. मध्ये एका ठिकाणी मांजर विहिरीत डोकावतं, तिथे डॅड थांबले आणि म्हणाले, 'पडत नाही हं ते,' आणि मग पुढे वाचायला लागले.

नंतर तिनं मिसेस लुंडीनला विचारलं, की यातली एखादी प्रत घरी नेता येईल का. नियमानं नाही, मिसेस लुंडीन म्हणाली. ही फक्त ज्यांना छापील वाचता येत नाही त्यांच्यासाठी. मग तिनं डोरीनच्या पोटाकडे पाहिलं. "बाळ कधी?"

"जूनमध्ये."

"त्याला वाचता येतं?"

"नाही."

"मग प्रश्न कुठे आहे," मिसेस लुंडीन म्हणाली.

आत अल्बीनाची पानं संपली. बोहुमिलनं तळव्याखालचं पान उचललं, ओठ ओले केले, आणि काचेकडे पाहून मान डोलावली. टेप फिरू लागली.

यंदाच्या मे महिन्यातल्या निवडणुकीपासून, त्यानं वाचलं, अंध मतदाराला मतदानाच्या पडद्याआड स्वतःच्या पसंतीचा माणूस सोबत नेता येईल. आता दोन अधिकाऱ्यांसमोर आपलं मत बोलून दाखवण्याची गरज नाही.

अल्बीनानं झटकन त्याच्याकडे पाहिलं. लिपात मतदानाच्या दिवशी खत-बियाण्यांच्या दुकानाचा मालक अधिकारी असायचा, आणि एमा दर वेळी म्हणायची, त्याच्यासमोर मत सांगण्यापेक्षा चर्चची घंटा वाजवून गावाला सांगितलेलं काय वाईट. गेल्या खेपेला ती मतदानाला गेलीच नव्हती. ही बातमी येणार हे त्याला गेल्या सोमवारीच कळलं असणार. काल दिवसभर एमा टेबलाशी याच्या शेजारी बसली होती आणि हा एका शब्दानं बोलला नव्हता. बोलायचं म्हणजे अडखळायचं. तिला ते नीट, सरळ, पाण्यासारखं ऐकू यावं म्हणून त्यानं साठवून ठेवलं होतं.

आवाज शेवटच्या ओळीवर फाटला, पण ओळ पुरी झाली.

शुक्रवारी तो हिरवा डबा लिपाला पोचला. एमानं ती ओळ किती वेळा ऐकली ते तिनं कधी सांगितलं नाही. मे महिन्यात मात्र ती पडद्याआड अल्बीनाला घेऊन गेली. तुझा आवाज आता ओळखीचा आहे, ती म्हणाली, आणि हव्या त्या नावांवर अल्बीनाकडून खुणा करून घेतल्या. भाऊ ज्यांना मत देई त्यातल्या एकालाही तिनं दिलं नाही. बाहेर आल्यावर दोघी एकमेकींना धरून इतक्या हसल्या, की खत-बियाण्यांचा मालक चौकशीला आला. पण ते पुढचं. तेव्हा बोहुमिल गळ्यावर पट्टी बांधून गाडीत वाट पाहत होता आणि हाताच्या खुणांनीच भांडायला शिकला होता.

त्या सोमवारी टेप थांबली आणि काचेपलीकडचा दिवा मालवला. फिरकीवर अजून थोडी जागा आहे, मिसेस लुंडीन आत डोकावून म्हणाली. घरच्यांसाठी काही ठेवायचं असेल तर. बोहुमिलनं नको म्हणून हात हलवला. ती दार ओढून घेऊन गेली.

ते दोघंच राहिले. अल्बीना पानं नीट लावत होती, काहीतरी करायचं म्हणून.

"अल्बीना," तो चेकमध्ये म्हणाला. मुलं शाळेत जायला लागली तेव्हापासून त्यांनी घरात चेक बोलणं सोडलं होतं. "तू फार, फा, फार छान वा, वाचलंस."

"खोटं बोलू नकोस. त्या एका शब्दावर मी मेले."

"मी तर ज, जन्मभर मेलो."

ती हसली आणि रडली, दोन्ही एकदमच. मग तिनं त्याचा मफलर घेतला, त्याच्या गळ्याभोवती गुंडाळला, टोकं कोटात खोचली. "पुरे आता," ती म्हणाली. "गप्प बस. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

सगळ्या संसारात तिनं त्याला गप्प बस असं पहिल्यांदाच म्हटलं होतं. त्यानं ऐकलं नाही. दार उघडून बाहेर येताना तो बोलत होता. मुलांसमोरून जाताना बोलत होता. लेलंड उठून उभा राहिला, डोरीन डबा छातीशी धरून उभी राहिली, आणि त्यानं त्यांच्याकडे पाहून आवाज जरासुद्धा कमी केला नाही. पायऱ्या चढताना, दगडी पोर्चवर, गाडीपर्यंतच्या निसरड्या वाटेवर तिचा दंड धरून, प्रत्येक तिसऱ्या अक्षराला अडखळत, कधी नुसत्या हवेत, तो सांगत होता. लग्नाआधी ती स्टेशनवर दूध द्यायला यायची तेव्हा तिच्या बुटाची नाडी सुटलेली असायची. ते तिला सांगावं असं त्याला रोज वाटायचं. रोज तो ते वाक्य मनात जुळवायचा, आणि तोवर ती निघून गेलेली असायची.

"कुठल्या पायाची?" अल्बीनानं विचारलं.

"ड, ड, ड..." तो म्हणाला, आणि ती त्या थंडीत गाडीच्या दाराशी उभी राहून थांबली. तिला कसलीही घाई नव्हती.